भट्टीत गेलेल्या बंदूक क्र. ३१ बाबत

दि. १८ सप्टेंबर २०१९

प्रति,
मा. मेजर, प्रशिक्षण अधिकारी,
नवसैनिक प्रशिक्षण केंद्र,
विटी लेवू, फिजी.

विषय : सरावाची बंदूक क्र. ३१ ही 'हरवली' ऐवजी 'नादुरुस्त' अशी नोंदवून अर्जदारास शुक्रवारच्या गोळीबार चाचणीस बसू देणेबाबत.
संदर्भ : भांडारप्रमुखांचा दि. १६ चा शेरा, "बंदूक दिसत नाही, म्हणजे हरवली."

महोदय,

१. अर्जदार केलेपी नाइवालु हा रसायनशास्त्राचा पदवीधर असून तिसऱ्या तुकडीत नवसैनिक आहे. केंद्रात खऱ्या रायफली आठ व नवसैनिक चाळीस असल्याने प्रत्येकास वेसीच्या झाडापासून घडवलेली सरावाची बंदूक मिळते. आत लोखंडी कांब असल्यामुळे ती खऱ्या रायफलीइतकीच, ३.६ किलो भरते. चाचणीच्या दिवशी ती जमा केल्याखेरीज खरी हाती मिळत नाही.

२. सार्जंट अपिसाई यांचा पहिल्याच दिवशीचा हुकूम असा : "जेवताना, झोपताना, संडासात, रजेवर, ही बरोबर पाहिजे. आणि हिला लाकूड म्हणेल त्यानं मैदानाला दहा फेऱ्या मारायच्या." अर्जदाराने तेव्हा निव्वळ कुतूहलाने, लाकूड कोणते, असे विचारले व दहा फेऱ्या मारल्या. त्यानंतर तो शब्द त्याच्या तोंडून निघालेला नाही. पुढील प्रकार त्यामुळेच घडला.

३. दि. १५ रोजी, रविवारी, अर्जदार रजेवर गावी होता. सकाळच्या प्रार्थनेस जाताना पाद्रीबाबांनी दारातच अडवले : "देवाच्या घरात बंदूक? परत फीर." अर्जदाराने ती घरी आत्या मेरेआनी यांच्या ताब्यात दिली. आत्या त्या वेळी जेवण शिजवायच्या खड्ड्यात, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत, दगड तापवण्यासाठी सरपण रचत होत्या. अर्जदाराने हुकुमाप्रमाणे सांगितले, "आत्या, ही बंदूक आहे. सांभाळ." आत्या म्हणाल्या, "बरं हो. आणि मी राणी!"

४. प्रार्थना संपेपर्यंत दगड उत्तम तापले होते. आत्यांचे म्हणणे असे : "कोरडं, सरळ, एकही गाठ नाही. वर नंबरसुद्धा होता. मला वाटलं, सरकार हल्ली जळण मोजून देतं." सदर बंदुकीस बंदूक मानणारे गावात पाद्रीबाबा एकटेच निघाले, हे खेदाने नमूद करावे लागते.

५. राखेतून कांब व क्रमांकाची पट्टी मिळाली. दोन्हींचे वजन १.४४ किलो, म्हणजे मूळ बंदुकीच्या बरोबर चाळीस टक्के. जी वस्तू चाळीस टक्के हातात आहे ती हरवली कशी, हे अर्जदारास उमगत नाही. नियमाप्रमाणे 'हरवली' असल्यास नवसैनिक सहा महिने मागे राहतो, व 'नादुरुस्त' असल्यास बदली मिळते. मागे राहिल्यास शांतिसेनेची तुकडी अर्जदारास सोडून जाईल. त्या तुकडीसाठीच तो प्रयोगशाळेतील नोकरी नाकारून येथे आला आहे.

६. हुकूम मोडू नये म्हणून अर्जदार सोमवारपासून ती कांबच सर्वत्र बाळगत आहे. कवायतीत त्याने कांबेनेच सलामी दिली. सार्जंटसाहेब जवळ आले व म्हणाले, "नाइवालु, ती जरा सरळ धर."

७. आत्यांना वाईट वाटून त्यांनी अर्जदाराच्या काकांकडून, जे होड्या घडवतात, नवी बंदूक करवून घेतली. ती काल बसने आली. सार्जंटसाहेबांनी हाती घेताच सवयीने विचारले, "रिकामी आहे ना?" परंतु क्रमांक नसल्याने भांडाराने ती घेतली नाही. तरी जुनी कांब व पट्टी तिला बसवून तिला क्र. ३१ मानावे, ही विनंती. ताज्या झाडाची असल्याने कांबेसह ती सध्या २१० ग्रॅम जास्त भरते. दररोज किती वाळते त्याची नोंद अर्जदार ठेवील.

आपल्या हुकुमात, व तूर्त कांबेसह उभा,

केलेपी नाइवालु
नवसैनिक, तिसरी तुकडी

सोबत :
(१) पट्टी क्र. ३१, किंचित काळवंडलेली.
(२) पाद्रीबाबांचा दाखला की, त्यांनी बंदूक पाहिली.
(३) आत्या मेरेआनी यांचे हमीपत्र : "नवीन लाकूड ओलं आहे, सहा महिने पेटायचं नाही." यातील आक्षेपार्ह शब्द आत्यांचा आहे. त्याबद्दल दहा फेऱ्या लागू होत असल्यास अर्जदार त्या मारील; शुक्रवारनंतर.