टॅपेट वाजू दे

प्रिय सोन्या,

पत्र पाहून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. आता मध्ये बोलून दाखव!

तुझ्या बाबांच्या मोटरसायकलला रविवारी गिऱ्हाईक येणार, हे तू परस्पर ठरवलंस. त्याआधी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला सांगून तिची जुनी टकटकही बंद करून घेतलीस. इंजीन कसं मुकाट चालतंय म्हणून केवढा खूश होतास! तू परत गेल्यावर मी तिला बाजारात नेलं. येताना चढावर, चांगली गरम झाल्यावर, तिनं मान टाकली. किका मारून माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी ढकलत घरी आणली. शेजारचे काका गॅलरीतून बघत होते, बघेनात का.

बाबा ती टकटकणारी टॅपेट सेट करायचे, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट जुळवायचे, तेव्हा बॅटरीचा उजेड धरून कोण बसायचं? मीच. तू लांब पळायचास, हाताला तेल लागतं म्हणून. तेव्हा काल सकाळी, इंजीन पुरतं गार असताना, मी जिन्याखाली पोतं अंथरलं. प्लग काढला, टॅपेटची झाकणं उघडली. प्लगच्या भोकात माझी विणायची सुई सोडली आणि गिअर टाकून मागचं चाक हातानं फिरवलं. सुई वर येऊन थांबली की पिस्टन वर आला. पहिल्यांदा फसलेच. पिस्टन वर होता, पण व्हॉल्व्ह अजून उघडा. आणखी एक फेरा दिला, तेव्हा कुठे दोन्ही व्हॉल्व्ह मिटायच्या जागी आले. मग टॅपेटच्या फटीत माप घ्यायची गेजची पट्टी घालायला गेले, तर ती शिरेचना! त्या गॅरेजवाल्या पठ्ठ्यानं फट ठेवलीच नव्हती. आवाज नको ना, मग घ्या आवळून. अरे, लोखंड तापलं की वाढतं. त्याला तेवढी जागा नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि आतल्या आत जळत जातो. बाहेर मात्र सगळं शांत. मी नट सैल केला, स्क्रू केसभर मागे घेतला, पट्टी जराशी अडखळत सरकायला लागली तसा नट आवळला. आवळताना फट परत बिघडली. परत केली. बाबांच्या ठेवणीतल्या शिव्याही घातल्या, त्याशिवाय ते काम होत नाही.

आता ती पहिल्या किकेला उठते आणि वाजते, अगदी पूर्वीसारखी.

तुझ्या घरी राहिले तो महिना आठवतोय? आई, दार हळू लाव. भांडी आपटू नकोस. फोनवर केवढ्यानं बोलतेस! मी सगळं ऐकलं. सूनबाई कौतुकानं म्हणाली, आई किती छान रुळल्या. पोर गुणाची आहे, तिच्यावर माझा मुळीच राग नाही. पण मी तिथे गुदमरत होते रे, आणि तुम्हाला वाटत होतं मी सुखात आहे.

म्हणून हे लिहिलं. गिऱ्हाइकाला मी फोन करून नाही म्हणून सांगितलंय. मला कायमचं तिकडे न्यायचं म्हणून काढून ठेवलेली खोली नातीला दे, तिला नाचायला जागा हवीय. मी राहायला येणार नाही. भेटायला येईन, हक्कानं येईन, आणि गाडीवरूनच येईन. फाटकाशी पोचले की टकटक ऐकू येईलच तुला. ती बंद करायला आता कुणाला सांगू नकोस. ऐकायची सवय कर.

तुझीच, अजून वाजणारी,
आई