वर्तणुकीच्या रकान्यातला शब्द

बाई, "शब्द वाक्यात वापरता आला की तो कळला," असं तुम्ही आठवीच्या वर्गात म्हणाला होतात. त्या दिवशी फळ्यावर 'उच्छृंखल' होता. बंधन न पाळणारा, नीतीची चाड नसलेला, असा अर्थ तुम्ही सांगितलात. मग वाक्यात उपयोग विचारलात आणि माझा हात वर गेला. आंदर मावळातून येणारी माझी मैत्रीण शेजारीच बसली होती. सकाळी एसटी आलीच नाही, म्हणून ती निम्मी वाट चालून दमल्यावर दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून कान्हे गावातल्या शाळेपर्यंत आली, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मी म्हणाले, "परक्या पुरुषाच्या गाडीवर बसणारी मुलगी उच्छृंखल असते." वर्ग हसला. तुम्ही "शाब्बास" म्हणालात आणि मधल्या सुट्टीत मला तुमचं शाईचं पेन दिलंत.

महिन्याभरात तिचे वडील दाखला न्यायला आले. "लय बोभाटा झाला, बाई. पोरीला न्हाई पाठवत आता." दाखले तुम्हीच लिहायचात. एखाद्यानं शाळेच्या काचा फोडल्या तरी वर्तणुकीपुढे 'चांगली' लिहायची पद्धत. तिच्या दाखल्यावर तुम्ही 'उच्छृंखल' लिहिलंत. ज्यानं तिला गाडीवर बसवलं त्याला हा शब्द कुणीच लावला नाही. तो दूध घालत राहिला, तुमच्याही दारात. एवढं मराठी येत होतं ना तुम्हाला? मग 'दमलेली' का नाही सुचलं?

ती आता लोहगडवाडीत गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालते. तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचंय. परवा तिनं फॉर्मला जोडावा लागणारा तो दाखला पत्र्याच्या पेटीतून काढून माझ्यापुढे धरला.

"नुसती गाडीवर बसलते गं. त्याला एवढी जोडाक्षरं?"

ती हसली. मला हसता आलं नाही. "दे इकडे, मी भरते फॉर्म," मी म्हणाले.

"न्हाई. ह्यो कागद मी कुणापुढं ठिवनार न्हाई. तुला दावला, कारन तू तवा व्हतीसच की तितं."

शाळेत जाऊन आले. जुन्या नोंदीला आम्ही हात लावत नाही, असं क्लार्कनं सांगितलं. फॉर्मची मुदत शुक्रवारी संपतेय आणि ती दाखला पुन्हा पेटीत ठेवून मोकळी झाली आहे.

तुम्हाला जाब विचारायचा म्हणून मी लिहायला बसले, आणि राग अजूनही आहे. पण शब्द तुम्ही शिकवलात. तो कुणाला लावायचा, हे मी दाखवलं. तिनं ते कधी तोंडावर म्हटलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र मी कुठे पाठवणार? तरी एक मागते. मी ते वाक्य बोललेच नसते, तरीही तुम्ही तिच्या दाखल्यावर हाच शब्द लिहिला असतात, एवढंच सांगा. नुसतं माझं मन राखायला तुम्ही खोटं बोलणार नाही, हे ठाऊक आहे मला.