गवती चहाच्या पेंढ्या

मंगळवार, संध्याकाळ

१. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांसाठी मी वृद्धाश्रमात वास आणि स्पर्शाची बाग केली.
२. आज हौसाआजींनी त्यातला गवती चहाचा अख्खा वाफा उपटला.
३. मी व्यवस्थापक मॅडमना रिकाम्या वाफ्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘नुकसान’.
४. दुपारी बागेला कुलूप लागलं.

सगळं अचूक आहे. मग अस्वस्थ का वाटतंय?

आजी उलट मलाच रागावल्या होत्या. “काय गं, रान असं ठेवत्यात व्हय? किती गवत माजू दिलंस!” थेरगावात त्यांची शेती होती. आता मुलाचं नावही आठवत नाही. पण उपटलेल्या गवताच्या पेंढ्या त्यांनी त्याच्याच पात्याने बांधल्या, सगळी मुळं एका बाजूला. पेंढ्यांचाही फोटो मी काढला होता. तो पाठवला नाही. का?

मी निघताना त्या बागेच्या फाटकाशी कुलूप हलवत होत्या. “आमचं रान कुनी बंद केलं?”

आत्ता मॅडमना पेंढ्यांचा फोटो पाठवला. सोबत लिहिलं: ‘नुकसान हा शब्द मागे घेते. एक वाफा आजींना खुरपायला ठेवेन, त्यात तण मुद्दाम वाढू देईन. कुलूप काढणार का, ते कृपया शुक्रवारपर्यंत कळवा.’