दीड इंच

२९ ऑक्टोबर

उजवा गुडघा पुन्हा सुजला! पट्टी बांधली. आता पंचाईत अशी, की मोजे गुडघ्याच्या खाली संपतात आणि किल्टचा चौकड्यांचा घोळ गुडघ्याच्या मध्यावर. मधली जागा साऱ्या गावाची.

गेल्या वर्षी चर्चच्या चढावर पथकातला ॲंगस पडला, तेव्हापासून फार्करने नियम केलाय – पाय दुखत असेल त्याने पथकात चालायचं नाही. फार्कर आमच्या बॅगपाइप पथकाचा प्रमुख. एकेचाळीस वर्षं मोठा ढोल माझ्या पोटावर आहे. नव्या वर्षाच्या सकाळी तो चढावर मीच नेणार. पट्टी दिसता कामा नये.

संध्याकाळी कपाटातून किल्ट काढला, पट्टे शेवटच्या, सगळ्यात सैल भोकावर लावले. एवढ्याने भागेल असं वाटलं नव्हतं. पण किल्ट आपसूक कमरेवरून दीड इंच खाली बसला, पट्टी झाकली. मी बारीक झालो असणार.

मोरॅगच्या लक्षात आलं नाही. गावातले सगळे किल्ट शिवणारी बाई, आणि नवऱ्याचा दिसत नाही!

३ नोव्हेंबर

तालीम. फार्कर बॅगपाइप फुगवता फुगवता थांबला. किल्ट लांब दिसतोय म्हणाला. मी म्हटलं, थंडी वाजते.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. किल्टवाल्याला थंडी वाजत नसते; चोरी कबूल केली असती तरी कोणी असं बघितलं नसतं.

९ नोव्हेंबर

युद्धस्मारकापाशी अर्धा तास उभे. पाऊस आणि बर्फ मिळून जे काही पडतं ते पडत होतं. गुडघा बधिर, म्हणजे आरामच. दोन मिनिटांच्या स्तब्धतेत सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. निम्मे माझ्या किल्टची कड बघत होते.

नंतर सभागृहात चहा. आमच्या गावात देवाबद्दल दोन पंथ आहेत, किल्टच्या लांबीबद्दल चार. गुडघ्याच्या वर, मध्यावर, नुसता टेकेल इतका, आणि पोस्टातली सीनिड – तिच्या मते पुरुषांचे गुडघे झाकलेलेच बरे. एरवी तिचं कोणी ऐकत नाही. आज ती माझ्या बाजूने बोलली आणि माझं वाटोळं झालं.

१६ नोव्हेंबर

हे डोक्यातच आलं नव्हतं.

किल्टला खाली दुमड नसते. कापडाचा विणलेला काठ तोच खालचा काठ. लांबी एकदाच ठरते, शिवताना, आणि ती ठरवते शिवणारी. आता लांब दिसतो म्हणजे चूक कोणाची? मोरॅगची! मी गेल्या वर्षी नवा शिवून घेतला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

लॅकलनचं लग्न ठरलंय; त्याने लग्नाचा किल्ट मोरॅगऐवजी इन्व्हरनेस शहरातल्या दुकानात शिवायला टाकला. घरी येऊन सांगितलं, टोपी हातात धरून. मोरॅग म्हणाली, तिकडे घड्या चांगल्या घालतात. त्याला शॉर्टब्रेड बांधून दिली.

१७ नोव्हेंबर

बार्लीचं सूप. मोरॅगने दोनदा वाढलं. मीठ बरोबर होतं.

३० नोव्हेंबर

पथकाला वसंतात सहा नवे किल्ट हवेत. चौतीस वर्षं ते मोरॅगकडे येतात. फार्कर आज दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "मोरॅगची नजर गेली. वाईट वाटतं, पण गेली." चौदा तारखेच्या बैठकीत ठरवणार.

घरी आलो तर ती खिडकीशी बसलेली. मांडीवर काही नव्हतं. तिच्या मांडीवर काही नाही असं मी लग्नानंतर पाहिलेलं नाही. मला लाज वाटली. तरी पट्टी तशीच बांधून झोपलो.

७ डिसेंबर

आज सांगायचंच ठरवलं. म्हटलं, "मोरॅग, तो किल्ट –"

"चहा गार होतोय," म्हणाली.

प्यायलो. सांगितलं नाही. ढोल काही दुसऱ्याच्या पोटावर बघवणार नाही.

१३ डिसेंबर

उणे चार. बर्फात किल्ट घालून नुसताच उभा राहिलो, सराव म्हणून. शेजाऱ्याचं कुत्रं बाहेर आलं, माझ्याकडे बघून परत गेलं.

१४ डिसेंबर

बैठक. मोरॅग मागच्या बाकावर, हातमोजे घालूनच बसलेली. फार्करने इन्व्हरनेसच्या दुकानाचा कागद वाचायला घेतला. ती खाली बघत होती.

मी उठलो. म्हटलं, मोजा. मोजायची पद्धत पोरासोरांना माहीत आहे – गुडघे टेकायचे, काठ जमिनीपासून बोटभर वर राहिला पाहिजे. किल्ट कमरेवर जिथला तिथे ओढला. पट्टे पहिल्या भोकावर घेतले तरी सैलच, म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला. आणि टेकलो.

लॅकलनने बोट घालून पाहिलं. "बोटभर. अगदी."

सगळ्यांनी आधी काठ पाहिला. मग पट्टी पाहिली.

मग मला उठता येईना! फार्कर आणि लॅकलनने काखेत हात घालून उचललं. फार्करने कागदाची घडी करून खिशात ठेवली. मोरॅगपाशी गेला, तिची माफी मागितली. मोठ्याने, नीट. मग माझ्याकडे आला. तो आणि मी एकाच दिवशी पथकात आलो होतो.

"ढोल ठेव आता, हेक्टर," म्हणाला. हळू बोलला. त्यामुळे जास्त लागलं.

१५ डिसेंबर

लॅकलन परत आला. इन्व्हरनेसची मागणी मोडली. मोरॅगने माप घेतलं. मी ढोल पुसला आणि फार्करकडे पोचवला.

१ जानेवारी

उणे सहा. चर्चच्या चढाखाली उभा राहिलो, किल्ट दोरीने बांधून योग्य लांबीवर, पट्टी गावाला दाखवत. ढोल लॅकलनच्या होणाऱ्या बायकोकडे. ठोका किंचित लवकर पडतो तिचा. चढावर सुधारला.

थंडी वाजली. या वेळी खरोखरची. मोरॅग शेजारी होती.

२ जानेवारी

सकाळी किल्ट खिडकीशी नेऊन पट्टे पाहिले. बकलं मूळ जागेवर नाहीतच. दोन्ही सरकवलेली, किल्ट सैल व्हावा अशी. जुन्या टाक्यांची भोकं शेजारी तशीच. नवे टाके बारीक, दुहेरी, मेण लावलेल्या काळ्या दोऱ्याचे. असे टाके या गावात एकच बाई घालते. म्हणजे ऑक्टोबरात मी कपाट उघडलं त्याच्याही आधी मोरॅगने हे करून ठेवलं होतं!

तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "सहा किल्ट गेले असते. नाव गेलं असतं."

"नाव माझं होतं," म्हणाली. "दीड महिना ढोल वाजवलास ना?"

मग कात्री घेतली. बकलं परत लावायची होती.