चढावर सायकल हळू होते

खुर्सीपार, भिलाई
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय रेणूताई,

नमस्कार. तू नि जिजाजी बरे असाल. आईचा गुडघा थंडीनं धरला होता, आता ठीक आहे. बाबांची या हप्त्यात फर्स्ट शिफ्ट आहे. ही चिठ्ठी तुझ्यासोबत शिकवणाऱ्या सुजाता मॅडमच्या हाती शाळेत पाठवून राहिली. शाळेतच वाच, घरी नेऊ नको. तुझा फोन घरात कोणीही उचलते, म्हणून फोन नाही केला.

तू विचारलं होतं, सायकल कावून सोडली. आईले मी सांगितलं, चढावर दम लागते. ते खोटं नाही. सेक्टरातल्या सपाट रस्त्यावर मी कोणाले हाती लागत नाही, पण रेल्वेच्या ओव्हरब्रिजवर मांड्या भरून येतात. गिअर कितीही हलका करा, सायकल पायी माणसाच्या चालीनं जाते. अर्ध्यात उतरायची मले लाज वाटे, म्हणून रोज सकाळी तोच पूल. एकदा न उतरता वर पोचली, तं एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

पण दम हे अर्धंच कारण आहे, ताई.

दिवाळीनंतर एक मोटारसायकल मागं येऊ लागली. हेल्मेटची काच काळी. सपाटीवर मी कोणत्याही गल्लीत वळून जायची. पुलावर वळायले जागा नाही, अन् तिथंच मी हळू होतो. तो बाजूनं, अगदी खेटून चाले. बोलत काही नव्हता. मी जोर लावला की तोही लावे, मी थांबली की तोही थांबे. एक दिवस त्यानं माझ्या मागच्या चाकाले लात मारली. मी कठड्यावर घासली. चेन उतरल्यानं कोपर सोललं असं आईले सांगितलं होतं, ते खोटं.

मागच्या मंगळवारी तो पुन्हा आला. या वेळी मी अर्ध्या चढावर उतरली. स्टील प्लांटमध्ये ठेकेदारीवर जाणाऱ्या बाया आपापल्या सायकली ढकलत वर जात होत्या. त्यातली एक म्हातारी थांबली.

"का होगे नोनी? काबर काँपत हस?"

पोरी, कावून कापतेस, असं विचारत होती. मी मागं बोट दाखवलं. त्यांनी मले मधात घेतलं अन् आम्ही सगळ्या पायीच निघालो. तोवर तो पुढं जाऊन वर थांबला होता. म्हातारीनं आपली सायकल त्याच्या गाडीसमोर आडवी लावली.

"टोप उतार."

त्यानं हेल्मेट काढलं. तो पीयूष होता, ताई. तुझा दीर.

तो हसून म्हणाला, "अरे, घर की लड़की है. भाभी की बहन. मजाक कर रहा था."

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. "जानथस एला?"

"जानती हूँ," मी म्हटलं. "अब और डर लग रहा है."

बायांनी कल्ला केला, लोक जमले. तेव्हा त्यानं गाडी वळवली. पण जाता जाता माझ्या कानाजवळ येऊन, हळूच, आपल्या मराठीत म्हणाला, "वहिनीले सांगायचं तं सांग. राहायचं तिलेच आहे त्या घरात."

म्हणून मी चूप होती. जिजाजी भावाचं ऐकतील का माझं? तुझा संसार माझ्यापायी मोडला तं?

मंग काल कपडे वाळत घालता घालता एक गोष्ट आठवली अन् तिथंच बसली. संक्रांतीले तू म्हणाली होतीस, जिजाजी नाइट ड्युटीवर गेले की मी आतून कडी लावतो, वरून दाराशी लोखंडी पेटी सरकवतो. मी हसली होती, रेल्वे कॉलनीत कुठले चोर? तू हसली नव्हती.

ताई, ती पेटी कोणासाठी?

उत्तर लिहू नको. बाबांले मी आज सकाळी सगळं सांगितलं. ड्युटीवर निघता निघता ते म्हणाले, "रेणूले लिही, मी येतो." शनिवारी आम्ही दोघं चरोद्याले, तुझ्या घरी येतो. जिजाजींसमोर मीच बोलीन, आवाज कापला तरी बोलीन. तुले आमच्यासोबत निघायचं असेल तं निघ. नसेल, तं तुझं बोलणं होईपर्यंत आम्ही तिथून उठत नाही.

तोवर पेटी दाराशीच राहू दे.

भीत भीत लिहिणारी,
तुझी भूमिका