काठ राहिलेल्या खुर्च्या

मंगळवार, दुपार

चि. धाकट्या, ताईचे भरभरून आशीर्वाद.

बाबांची देणी मागायला आधी कोण आलं असेल सांग! वेतवाला. आणि एकटा नाही, बायकोला घेऊन थेट बाबांच्या दुकानात. म्हटलं, जोडीनं आलेत म्हणजे भांडायच्याच तयारीनं.

आम्ही सगळे बरे आहोत. गुडघा आहे तसाच आहे. नात म्हणते, आजी, तू आता वकिलीण झालीस! बाबांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं ना, की देणी थोरलीनं फेडावीत आणि उरेल ते दोघांनी वाटून घ्यावं. जेमतेम चौथी शिकलेल्या बाईवर केवढा भरवसा! वकिलांनी वाचून दाखवलं तेव्हा आधी रडले, मग घरी येऊन दोन वेळा चहा प्याले.

तर मी त्यांना पाणी आणायला आत गेले. दुकानभर गिऱ्हाइकांच्या खुर्च्या, वरून पाहिलं तर विणून पुऱ्या झालेल्या. वेतवाल्याची बायको अंगानं चांगली भरलेली. ती बिचारी एकीवर टेकली आणि वीण सुटून गेली की खाली! गुडघे हनुवटीला.

"अहो, बघता काय? ओढा!"

"कुठून ओढू ते तरी सांग!"

मी धावले, तर ती स्वतःच हसायला लागली. मग तो, मग मी. बाबा गेल्यापासून त्या दुकानात कुणी हसलं नव्हतं रे.

सोडवल्यावर तिनं खुर्ची उलटी करून पाहिली. कडेनं वेत नुसता खुंट्या मारून तात्पुरता अडकवलेला, काठ बांधलेलाच नाही. मग सगळ्याच पाहिल्या. एकूण एक तशीच! थोडे पैसे आगाऊ घेऊन बाबा विणायचे, काठाशी आले की ठेवून द्यायचे आणि दुसरी घ्यायचे.

ती नवऱ्याला म्हणाली, "काठ बांधले की लोक राहिलेले पैसे देतील, त्यातून तुमचं फिटेल. दुकान कशाला विकायला लावता?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "काठाचा वेत मी देतो. पण बांधणार कोण?"

"मी," म्हटलं. "लहानपणी बाबांचं पाहून शिकलेय. पण ताणून धरायला दुसरं माणूस लागतं."

"मग मी आहे की! पडले ती मी, धरीन पण मीच."

आणि तो म्हणतो, "घाई करू नका ताई, जमेल तसं द्या." त्यांचं कल्याण होवो. मागायला आलेली माणसं देऊन गेली.

आता जे लिहायचं टाळत होते ते. दुकान विकून तुझा वाटा पाठवते, असं मी तुला कबूल केलं होतं. घराच्या छपरासाठी तू त्यावर अवलंबून आहेस, हेही ठाऊक आहे. नाही विकलं तर आत्ता तुझ्या हातात काही येणार नाही. वकील म्हणाले, भावाचा लेखी होकार हवा. तू नाही म्हणालास तर विकीन, मनात काही धरणार नाही.

आणखी एक. काठ धरायला बाबांना तू लागायचास. भांडून गेलास त्यानंतर त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. मलाही नाही, आणि मी दोन गल्ल्या पलीकडे. हे तुला बोल लावायला लिहीत नाही. माणूस हट्टी होता, पण तुझी जागा त्यानं कुणाला दिली नाही, एवढंच तुला कळावं.

तुझ्या होकाराची, आणि जमलं तर तुझीच, वाट पाहणारी
ताई

ता. क. ते दोघं शुक्रवारी सकाळी वेत घेऊन येतो म्हणालेत.