छळाचा पाठ

अप्पा,

तुम्ही चर्चच्या मागच्या खोलीत आम्हाला छळाचा पाठ शिकवत होता, आणि तुमचे थोरले भाऊ दारात येऊन उभे राहिले. त्या रविवारपासून पुढे जे घडलं त्याबद्दल तुम्ही आणि मी कधी नीट बोललो नाही. तुम्हाला जाऊनही आता खूप वर्षं झाली. लिहायला बसले की मी त्या दारापाशीच येऊन थांबते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि वर्गातली निम्मी पोरं रविवारीसुद्धा घरचे हंडे भरून मग धावत यायची. आठवडाभर तुम्ही नगरपालिकेच्या शाळेत मास्तर, आणि रविवारी उपासना संपली की आमचे मास्तर. त्या दिवशी तुम्ही फळ्यावर ‘छळ’ एवढा एकच शब्द लिहिलात आणि विचारलंत, “तुमच्यापैकी कुणाचा झालाय?” वर्गातला सगळ्यांत दांडगा मुलगा लगेच उभा राहिला. शाळेत त्याला ‘दूध पावडर’ म्हणून चिडवायचे. दुष्काळात चर्चच्या आवारात दुधाची पावडर वाटली जायची, तिच्यासाठीच आपण ख्रिस्ती झालो असं लोक म्हणत. तुम्ही विचारलंत, “मग तू काय केलंस?” तो म्हणाला, “एकाचा दात पाडला.” तुम्ही म्हणालात, “मग छळ नेमका कुणाचा झाला रे?” सगळे हसले, तोही हसला. मग तुम्ही रोमची गोष्ट सांगितलीत. सम्राटाच्या मूर्तीपुढे निखाऱ्यावर चिमूटभर धूप टाकला की माणूस सुटायचा, घरी जायचा. ज्यांनी टाकला नाही ते मेले. “चिमूटभरच तर होता,” असं म्हणून तुम्ही बोटांची चिमूट करून आमच्यापुढे धरलीत.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मास्तर, तुमचा छळ झाला म्हणे. तुम्हाला घरातून हाकललं होतं ना?” मी मान खाली घातली. तुमचं गाव अक्कलकोटच्या बाजूला, घर लिंगायतांचं, तरुणपणी तुम्ही बाप्तिस्मा घेतलात आणि घर तुटलं, एवढंच मला माहीत होतं, तेही आईकडून. “हाकललं, खरं आहे,” तुम्ही म्हणालात. “आईनं माझं अंथरूण अंगणात टाकलं. मग मी गावाबाहेर पोचलो तर ती मागून पळत आली आणि भाकरीचं गाठोडं हातात देऊन गेली. याला छळ म्हणायचं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.”

आणि तेव्हाच तुमचे थोरले भाऊ दारात आले. पटका बांधलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे, वहाणा बाहेर काढून उंबऱ्याच्या पलीकडे उभे. “अव्वा होदळू,” ते म्हणाले. आई गेली, एवढा अर्थ मला कानडी येत नसताना तुमच्या चेहऱ्यावरून कळला. मग ते मराठीत बोलले, बहुतेक आम्हा पोरांनाही ऐकू जावं म्हणून. “बोलवायला आलो न्हाय. कळवायला आलो. मागनं तू म्हनला असतास, मला सांगितलं बी न्हाय.”

“माती कधी?”

“दुपारी हाय.”

“येऊ का?”

“ते मला इचारू नगंस.”

तुम्ही वर्ग सोडलात. माझी आई दवाखान्यात ड्यूटीवर होती, घराला कुलूप होतं, म्हणून मला बरोबर घेतलंत. एसटीत तुम्ही दोघं शेजारी बसला होता आणि मी पुढच्या बाकावर. गाव येईपर्यंत तुम्ही कानडीत बोलत होता, हळू, मध्येच थांबत. माझ्या बापाला एक अख्खी भाषा येते आणि मला तिचा पत्ताच नाही, याचा मला राग येत होता. मी मागे वळून पाहिलं नाही.

आजीला मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे अंगणात तिला बसवलेलं होतं, गळ्यात हार, डोक्यावरून पदर, मान किंचित कललेली. ती मेलेली आहे हे माहीत असूनही मला वाटत राहिलं की ती आता मला विचारणार, कुणाची गं तू. विचारलं दुसऱ्याच एका म्हातारीनं, आणि उत्तरही तिनंच दिलं. “नाकावरनं वळखंना व्हय? म्हातारीचंच नाक हाय की.” तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. बाकीच्या बायका जरा सरकून बसल्या.

मग पुरण्यासाठी खणलेल्या खड्ड्यापाशी सगळे एकेक करून पुढे जात होते. विधी करणारे स्वामी बेलाचं पान हातात देत, कपाळाला विभूती लावत, मग माणूस पान वाहून मूठभर माती टाके. तुम्ही मागे उभे होता. तुमचा एक चुलतभाऊ मोठ्यानं म्हणाला, “ह्यो बाटलेला हाय. ह्याचा हात लागू द्यायचा न्हाय.” दोघं-तिघं आणखी पुढे आले. एकानं तुमच्या सदऱ्याला हात घातला. थोरले भाऊ मातीच्या ढिगाकडे पाहत होते. मला वाटलं आता तुम्हाला मारतील, आणि मी कुठे पळायचं ते शोधू लागले. स्वामी फार म्हातारे होते. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “पान घेतो का बघू. घेतला तर पोरगा हाय तिचा. न्हाय घेतला तर पाव्हणा हाय, लांब हुबा ऱ्हाऊ दे. मारायचं काय काम न्हाय हितं.”

सगळे थांबले. पान पुढे आलं. तुम्ही ते किती वेळ पाहिलंत मला सांगता येणार नाही. मला सकाळची तुमची चिमूट दिसत होती आणि मी मनात म्हणत होते, घेऊ नका. मग आजीकडे पाहिलं आणि म्हटलं, घ्या. तुम्ही पान घेतलंत. स्वामींनी विभूतीचा हात उचलला तेव्हा तुम्ही डोकं खाली केलंत.

परत सोलापूरच्या स्टँडवर उतरलो तर आपल्या चर्चमधले एक गृहस्थ समोर आले. त्यांनी तुमच्या कपाळावरच्या विभूतीकडे पाहिलं, “नमस्ते मास्तर” म्हणाले आणि निघून गेले. तुमच्या खिशात रुमाल होता. तुम्ही तो काढला नाहीत.

त्याच आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळातले दोघं घरी आले. आईनं चहा ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पाळकसाहेब भले माणूस होते, ते तुम्हाला वाचवायलाच आले होते हे मला आता समजतं. ते म्हणाले, “तिथं गर्दी असते. कुणी कपाळावर हात फिरवला असेल, तुम्हाला कळलंही नसेल. तसं झालं असेल तर तेवढं सांगा, विषय मिटला.” मग ते माझ्याकडे वळले, “बेटा, तू होतीस ना तिथं?”

“तिला विचारू नका,” तुम्ही म्हणालात. “मी पान घेतलं. डोकंही मीच खाली केलं.”

“मास्तर, धुपाची गोष्ट तुम्हीच पोरांना सांगता.”

“तो सम्राट होता. ही माझी आई होती.”

तेव्हा वडीलमंडळातल्या दोघांपैकी एक गृहस्थ अगदी हळू म्हणाले, “त्या मेलेल्यांनाही आया होत्या, मास्तर.”

“होत्या,” तुम्ही म्हणालात. चहा निवून गेला.

तुमचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, बंद झालं आणि वर्ग दुसऱ्यांकडे गेला. आई भाकऱ्या थापताना म्हणाली, “अहो, एवढं कबूल कशाला करायचं?” तुम्ही म्हणालात, “त्यांनी विचारलं.” दात पाडणारा तो मुलगा एकदा घरी आला आणि दारातूनच म्हणाला, “मास्तर, आता तुमचा छळ झाला ना?” तुम्ही त्याला आत बसवलंत. “नाही रे. त्यांना माझं पटलं नाही, एवढंच. मलासुद्धा सगळं पटलंय असं नाही.” पुढच्या वर्षी मंडळीसमोर उभं राहून तुम्ही लोकांची मनं दुखावल्याबद्दल क्षमा मागितलीत. पानाबद्दल मागितली नाहीत. प्रभुभोजन मिळालं, वर्ग कधीच मिळाला नाही. गावाहून पुन्हा कुणी आलं नाही. तुम्हाला माती टाकू दिली म्हणून भावकीनं थोरल्या भावांशी बोलणं टाकलं, असं कुठूनतरी कानावर आलं. तुम्ही मात्र दर रविवारी शेवटच्या बाकावर बसत राहिलात, आणि वर्गाची पोरं मागच्या खोलीकडे जाताना तुमच्या समोरून जायची.

आता मी स्वतः वडीलमंडळात आहे. लोकांच्या अडचणी आमच्यासमोर येतात, आणि मी समजूतदार म्हणून ओळखली जाते. तुम्ही बरोबर होता की ते हळू बोलणारे गृहस्थ, हे मी आजवर कुणाला सांगू शकलेले नाही, कारण मला ते माहीत नाही. हा कागद मी घडी करून ठेवीन, किंवा फाडीन. पण एवढं मला पक्कं माहीत आहे, अप्पा. पाळकसाहेबांनी तुम्हाला जी वाट काढून दिली होती, गर्दीची, कुणाच्या तरी हाताची, ती मी घेतली असती. आजही घेईन.